रेडिएटरला कोणतं पाणी?

म्हसा गावातून निघून मुरबाड, सरळगाव, टोकावडे करत माळशेज घाटाच्या माथ्यावर पोचलं, की गाडी साधारण ६०० मीटर वर चढलेली असते. यातला बहुतेक चढ शेवटच्या घाटातच आहे. मालासकट तीन टन वजनाची पिकअप एवढी वर न्यायला किती ऊर्जा लागते, याचा हिशेब शाळेतल्या सूत्राने होतो. वस्तुमान, गुरुत्वाकर्षण आणि उंची यांचा गुणाकार केला की उत्तर येतं सुमारे पावणेदोन कोटी ज्यूल. डिझेल इंजिन जळणातल्या ऊर्जेपैकी ढोबळमानाने तिसरा हिस्सा चाकांकडे पाठवतं. तेवढाच हिस्सा सायलेन्सरमधून धुराबरोबर निघून जातो आणि उरलेल्यातला बराचसा इंजिनाच्या धातूत व तिथून भोवतीच्या पाण्यात उतरतो. म्हणजे गाडी वर चढवायला जितकी ऊर्जा खर्ची पडली, जवळपास तितकीच उष्णता रेडिएटरने हवेत सोडायची असते. त्या उष्णतेवर साठ लिटर पाणी तीस अंशांपासून उकळीपर्यंत नेता येईल. पिकअपच्या इंजिनात आणि रेडिएटरमध्ये मिळून द्रव असतो तो दहा लिटरच्या आतबाहेर.

हे थोडंसं पाणी पुन्हा पुन्हा फिरतं, इंजिनातून उष्णता उचलतं, रेडिएटरमध्ये टाकतं आणि परत येतं. या फेरीत कुठेही अडथळा आला, तर सपाटीवर तो महिनोन्‌महिने लक्षात येत नाही. घाट लागला की पहिल्या चार वळणांत तापमानाचा काटा वर सरकतो. मग दोष घाटाला दिला जातो, उन्हाला दिला जातो, गाडीतल्या मालाला दिला जातो. माझं म्हणणं असं, की घाटात तापलेल्या बहुतेक गाड्यांची खरी कहाणी घराच्या अंगणात, पाण्याच्या कळशीपाशी सुरू झालेली असते.

मुरबाड आणि शहापूर या दोन तालुक्यांत हा विषय टाळून चालत नाही. एका बाजूला माळशेज, दुसऱ्या बाजूला कसारा. पौष पौर्णिमेला म्हसा गावात खांबलिंगेश्वराची यात्रा भरते, तेव्हा बैलबाजारासाठी जनावरं भरलेले टेम्पो आणि पिकअप घाटावरून आणि कोकणातून इथे येतात. रस्त्यावर रांग लागली की गाडी मुंगीच्या पावलांनी सरकते आणि समोरून वारा न मिळाल्याने सगळा भार पंख्यावर येतो. भाताच्या दिवसांत ट्रॅक्टर चिखलात आणि मळणीवर तासन्‌तास राबतात. उन्हाळ्यात शहापूरच्या पाड्यांना टँकरने पाणी पुरवावं लागतं, आणि भरलेला टँकर कच्च्या रस्त्याने पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्येच जातो. इंजिन जोरात, गाडी हळू, हवा गरम. शीतनयंत्रणेची यापेक्षा कडक परीक्षा क्वचितच होते.

मोटारीच्या जन्मापासून पाण्याची ही गरज तिच्यामागे लागलेली आहे. कार्ल बेंझच्या १८८६ सालच्या तीनचाकी गाडीत पाणी उकळून वाफ होऊनच इंजिन थंड राहायचं, त्यामुळे ते सतत संपायचं. १८८८ च्या ऑगस्टमध्ये बेंझची पत्नी बेर्था दोन मुलांना घेऊन मानहाइमहून फोर्झहाइमला, सुमारे शंभर किलोमीटरवर, अशीच गाडी चालवत गेली. मोटारीचा तो पहिला लांबचा प्रवास मानला जातो, आणि त्यात वाटेत जागोजागी थांबून गाडीत पाणी ओतावं लागलं, चढावर गाडी ढकलावी लागली. पुढे १९०० साली विल्हेल्म मायबाखने मर्सिडीजसाठी मधमाशीच्या पोळ्यासारखा रेडिएटर बनवला. त्यात सहा मिलिमीटरच्या ८,०७० चौकोनी नळ्या होत्या. हवेला स्पर्श करणारं क्षेत्रफळ त्यामुळे इतकं वाढलं, की पूर्वीपेक्षा खूप कमी पाण्यात काम भागू लागलं. आजच्या रेडिएटरची जाळी त्याच विचाराची वारस आहे. नळ्या जितक्या बारीक तितकी उष्णता लवकर बाहेर पडते, आणि तितक्याच लवकर त्या तुंबतातही.

तुंबतात त्या मुख्यतः आपण ओततो त्या पाण्याने. हा सगळा प्रदेश बेसॉल्टचा, काळ्या पाषाणाचा आहे. पावसाचं पाणी हवेतला आणि मातीतला कार्बन डायऑक्साइड घेऊन या खडकाच्या भेगांत मुरतं आणि तिथले कॅल्शियम, मॅग्नेशियमचे क्षार विरघळवून घेतं. म्हणून बोअरवेलचं पाणी बहुधा जड असतं. साबणाला फेस येत नाही, डाळ शिजायला वेळ लागतो, पाणी तापवायच्या बंबाच्या आत पांढरी खपली धरते. तीच खपली इंजिनाच्या आतही धरते, कारण विरघळलेले बायकार्बोनेट तापले की त्यांचं कार्बोनेट होतं आणि ते धातूवर बसतं. बसतं तेही नेमकं सगळ्यात गरम जागी, म्हणजे सिलिंडर हेडमध्ये, झडपांच्या आसपास, जिथून उष्णता सर्वांत घाईने निघायला हवी तिथे. या थराची उष्णतावाहकता ओतीव लोखंडाच्या पंचविसाव्या भागाइतकीही नसते. एक मिलिमीटर खपली म्हणजे सिलिंडरची भिंत काही सेंटीमीटरनी जाड केल्यासारखं आहे. काट्यावर तापमान ठीक दिसत असतानाही आतला धातू भाजत असू शकतो तो यामुळे.

एकदा घातलेल्या पाण्यातले क्षार एकदाच बसतात, हेही खरं. पण गळक्या गाडीत रोज तांब्याभर बोअरचं पाणी घालत राहिलं, की दर तांब्याबरोबर नवे क्षार आत जातात. गाडी पाणी पिते म्हणून पाणी घालायचं, आणि घातलेल्या पाण्याने ती आणखी तापायची, असं हे चक्र आहे. गळती शोधायला जेवढा खर्च येतो, त्याच्या कितीतरी पट पैसा पुढे हेड उतरवण्यात जातो.

मग नदीचं किंवा पावसाचं पाणी चालेल का? क्षारांच्या दृष्टीने पावसाचं पाणी सर्वांत मऊ. आणि मुरबाडला पावसाची वाण नाही. स्वच्छ भांड्यात थेट आकाशातून धरलेलं पाणी अडीअडचणीला बोअरच्या पाण्यापेक्षा केव्हाही बरं. बॅटरीसाठी मिळणारं डिस्टिल्ड वॉटर त्याहून खात्रीचं. पण नुसतं शुद्ध पाणी हे कायमचं उत्तर नाही. आजच्या इंजिनात ओतीव लोखंड, ॲल्युमिनियम, तांबं, डाखाचा धातू असे वेगवेगळे धातू एकाच पाण्यात बुडालेले असतात. दोन धातू आणि मध्ये वीज वाहून नेणारा द्रव, म्हणजे तिथे सूक्ष्म विद्युतघट तयार होतो आणि त्यातला दुबळा धातू झिजतो. आजकाल हेड आणि रेडिएटर दोन्ही ॲल्युमिनियमचे असल्याने ही झीज जास्त महाग पडते. ही झीज थोपवणारी रसायनं साध्या पाण्यात नसतात, रेडिएटरसाठी मिळणाऱ्या कूलंट या द्रवात असतात.

कूलंटबद्दलचा एक समज इथे खोडून काढायला हवा. पूर्वी डब्यांवर इंग्रजीत ‘अँटिफ्रीझ’ लिहिलेलं असे. ते गोठण्यापासून वाचवतं हे ऐकून लोक म्हणतात, आपल्याकडे कुठे बर्फ पडतो? बरोबर आहे, म्हसा भागात पौषातल्या पहाटेही पाणी गोठत नाही. पण कूलंटची इथली कामं वेगळी आहेत. पहिलं, गंज आणि झीज रोखणं. दुसरं, उकळण्याचं तापमान वाढवणं. तिसरं काम ट्रक आणि ट्रॅक्टरवाल्यांनी जाणून घेण्यासारखं आहे. मोठ्या डिझेल इंजिनांत बऱ्याचदा सिलिंडरचा लायनर थेट पाण्यात उभा असतो. आत दर स्फोटाबरोबर तो सूक्ष्म थरथरतो. त्या थरथरीत पाण्यात निर्वातासारखे बुडबुडे तयार होतात आणि लायनरच्या अंगावर फुटतात. फुटताना निर्माण होणारा दाब इतका असतो, की पोलादाला टाचणीच्या टोकाएवढे खड्डे पडतात. वर्षानुवर्षं हे चाललं की एक दिवस लायनरला आरपार भोक पडतं आणि पाणी ऑइलमध्ये उतरतं. मेकॅनिक म्हणतो, पाणी-ऑइल एक झालं. अशा इंजिनांच्या कूलंटमध्ये लायनरवर संरक्षक थर धरणारी रसायनं मिसळलेली असतात. बोअरच्या पाण्यात ती कुठून येणार?

कूलंट घेताना रंगावर जाऊ नये. हिरवं, निळं, लाल, गुलाबी हे रंग कंपन्या आपापल्या सोयीने देतात. एकाच रंगाच्या दोन डब्यांत वेगळी रसायनं असू शकतात, आणि दोन प्रकार मिसळले तर काही वेळा त्यांचा साका होऊन नळ्या बुजतात. गाडीच्या पुस्तिकेत जो प्रकार दिला असेल तो घ्यावा, डब्यावर भारतीय मानक आयएस ५७५९ चा उल्लेख आहे का पाहावा, आणि तो तयार मिश्रणाचा आहे की घट्ट, हे वाचल्याशिवाय ओतू नये. घट्ट कूलंटमध्ये डिस्टिल्ड पाणीच मिसळायचं, बहुतेक वेळा निम्मं-निम्मं. नुसतं घट्ट कूलंट ओतल्याने गाडी जास्त थंड राहते हा भ्रम आहे. त्यातल्या इथिलीन ग्लायकॉलची उष्णता धरायची क्षमता पाण्याच्या जेमतेम साठ टक्के असते. उष्णता वाहतं ते पाणीच, ग्लायकॉल आणि रसायनं त्याला टिकवतात. रसायनंही कालांतराने संपतात. साधं कूलंट दोनेक वर्षांत आणि दीर्घ मुदतीचं चार-पाच वर्षांत बदलावं लागतं. नेमका काळ पुस्तिकेत असतो. रंग चांगला दिसतो म्हणून जुनं चालवत राहणं योग्य नाही, कारण झीजरोधक रसायन संपलं तरी रंग तसाच राहतो.

रेडिएटरच्या टोपणाकडे लोक नुसतं झाकण म्हणून पाहतात. खरं तर ते एक मोजूनमापून बनवलेलं यंत्र आहे. त्यावर ०.९ किंवा १.१ असा आकडा छापलेला असतो. तेवढा बार दाब वाढेपर्यंत टोपणातली स्प्रिंग पाणी कोंडून धरते. प्रेशर कुकरचंच हे तत्त्व. ०.९ बार दाबाखाली साधं पाणीही ११८ अंशांच्या आसपास उकळतं, आणि निम्मं ग्लायकॉल असेल तर सव्वाशेच्या घरात. याउलट टोपणाचं रबर कडक झालं किंवा स्प्रिंग ढिली पडली, की दाब टिकत नाही. माळशेजच्या माथ्यावर हवेचा दाब कमी असल्याने उघड्या भांड्यातलं पाणी ९८ अंशांच्या आधीच उकळतं. इंजिन मात्र ९० ते ९५ अंशांवर चालण्यासाठीच बनवलेलं आहे. मधलं सगळं अंतर त्या टोपणाने राखलेलं असतं. टोपणात एक उलटी झडपही असते. इंजिन थंड होताना ती रेडिएटरला जोडलेल्या बाटलीतलं कूलंट परत आत येऊ देते. ती अडकली तर रबरी नळी रात्रीत आत चिपकलेली दिसते. रेडिएटरच्या किमतीपुढे टोपण अगदी स्वस्त मिळतं. शंका आली की त्याच आकड्याचं नवं बसवावं. जास्त दाबाचं लावलं तर जुन्या नळ्या आणि प्लॅस्टिकच्या टाक्या फुटतात.

आता थर्मोस्टॅट. गाडी तापते म्हणून नेली की काही गॅरेजांत तो काढून टाकला जातो आणि सांगितलं जातं, आपल्या हवेत याची गरज नाही. मला हा सल्ला अत्यंत चुकीचा वाटतो. थर्मोस्टॅटच्या पितळी डबीत मेण भरलेलं असतं. ठरलेल्या तापमानाला, बऱ्याच डिझेल इंजिनांत ८२ अंशांना, ते वितळून फुगतं, दांडा ढकलतं आणि रेडिएटरकडचा रस्ता उघडतं. तोवर पाणी इंजिनातच फिरतं आणि इंजिन लवकर तापमानावर येतं. तो काढला तर इंजिन बराच वेळ थंडच चालतं. डिझेल पुरतं जळत नाही, थोडं सिलिंडरच्या भिंतीवरून ऑइलमध्ये उतरतं, झीज वाढते, मायलेज घसरतं. एवढंच असतं तरी एकवेळ ठीक. पण कित्येक इंजिनांतला थर्मोस्टॅट उघडताना खालच्या तबकडीने पाणी इंजिनातच फिरवणारा आतला आडरस्ता बंदही करतो. तो काढला की आडरस्ता कायम उघडा राहतो आणि पाण्याचा एक भाग रेडिएटरकडे न जाता गरमागरम पुन्हा इंजिनात फिरतो. ज्या घाटासाठी थर्मोस्टॅट काढला, त्या घाटातच गाडी आणखी तापते. तो चांगला आहे का हे घरी पाहता येतं. पातेल्यातल्या पाण्यात तो दोऱ्याने टांगावा, तळाला टेकू देऊ नये, शेजारी थर्मामीटर ठेवावा आणि पाणी तापवत न्यावं. छापलेल्या आकड्याच्या आसपास उघडायला लागला आणि पाणी उकळेपर्यंत पूर्ण उघडला तर उत्तम. नाहीतर नवा आणावा. यासाठी स्वयंपाकातलं पातेलं मात्र वापरू नये, कारण जुन्या कूलंटचा अंश विषारी असतो.

आतून सगळं ठीक असूनही बाहेरून जाळी बुजलेली असू शकते. पावसाळ्यानंतर या भागात गवत कापलं जातं, भाताची झोडणी-मळणी होते आणि हवेत कुसं, भुसा, पेंढ्याचा चुरा उडत असतो. मळणीवर उभा असलेला ट्रॅक्टर हे सगळं पंख्याने स्वतःच्या जाळीत ओढून घेतो. अशा दिवसांत रोज संध्याकाळी पुढची जाळी काढून झटकावी. एसी असलेल्या गाडीत एसीची जाळी पुढे आणि रेडिएटर मागे असतो. दोहोंच्या फटीत गवताचा गादीसारखा थर बसतो आणि समोरून पाहिलं तर काहीच दिसत नाही. पाणी मारायचं ते इंजिन थंड असताना, इंजिनाच्या बाजूने बाहेरच्या दिशेला आणि हलक्या धारेने. धुलाई केंद्रातला जोरदार फवारा जवळून मारला तर पातळ पट्ट्या आडव्या होतात आणि हवेची वाट कायमची बंद होते.

नळ्या, पट्टा आणि पंखा यांची तपासणी दहा मिनिटांची आहे. थंड इंजिनावर रबरी नळी दाबून पाहावी. ती फुगलेली, भेगाळलेली किंवा दाबल्यावर आत करकरणारी असेल तर बदलावी. पट्टा चकाकत असेल किंवा त्याला तडे असतील तर तोही बदलावा. विजेचा पंखा असेल तर गाडी उभी ठेवून चालू ठेवावी. काटा मधल्या खुणेच्या जरा वर जाताना पंखा आपोआप फिरायला लागला पाहिजे. यात्रेच्या किंवा लग्नसराईच्या रांगेत अडकण्याआधी हे पाहिलेलं बरं. पाणी खोल असेल तिथून गाडी घालताना वेगाने फिरणारी पाती पाण्याच्या माऱ्याने वाकून रेडिएटरमध्ये घुसू शकतात, हेही पावसाळ्यात ओढे ओलांडणाऱ्यांनी ध्यानात ठेवावं.

आणि तरीही घाटात काटा चढू लागला तर? आधी एसी बंद करावा आणि हीटर असेल तर पूर्ण सोडावा. उकडेल, पण हीटर हा एक छोटा रेडिएटरच आहे. गिअर एक खाली घ्यावा, म्हणजे कमी ताण देऊन इंजिन आणि पंप वेगाने फिरतील. काटा लाल खुणेला पोचला तर थांबावं, मात्र वळणावर किंवा दरड कोसळते अशा कड्याखाली नाही. चाकांमागे दगड लावावेत. वाफ येत नसेल आणि पंखा चालू असेल तर एक-दोन मिनिटं इंजिन तसंच चालू ठेवून मग बंद करावं. वाफ किंवा गळती दिसली तर लगेच बंद करावं. टोपण उघडायचं नाही. आतला द्रव शंभर अंशांच्या वर असूनही दाबामुळेच उकळायचा थांबलेला असतो. टोपण सुटताक्षणी दाब जातो आणि तो एकदम वाफ होऊन तोंडावर येतो. अर्धा-पाऊण तास थांबून वरची नळी हाताला सोसेल इतकी निवून मऊ लागली, की मगच फडकं टाकून टोपण हळूहळू फिरवावं. तापलेल्या इंजिनात थंड पाणी ओतलं तर हेडला तडा जाऊ शकतो.

काट्यावरही पूर्ण विसंबून राहता येत नाही. बहुतेक गाड्यांत तापमान मोजणारा सेन्सर पाण्यात बुडालेला असतो. सगळं पाणीच वाहून गेलं तर तो हवेत उघडा पडतो आणि काटा खाली येतो. चढता काटा अचानक उतरला, हीटरमधून एकाएकी थंड हवा आली, किंवा गोडसर वास आला, तर गाडी सुधारली असं समजू नये, जागेवर थांबावं.

राहिला जुन्या कूलंटचा प्रश्न. यात्रेच्या गावात आणि घरोघरी गुरं असलेल्या तालुक्यांत तो मला सर्वांत जास्त महत्त्वाचा वाटतो. रेडिएटरखालचा बोल्ट सोडून जुनं कूलंट अंगणात किंवा ओहोळात सोडून देताना आपण सर्रास पाहतो. इथिलीन ग्लायकॉल चवीला गोड असतं. कुत्रं ते चाटतं, वासरू डबक्यात तोंड घालतं. शरीरात गेल्यावर यकृतात त्याचं विघटन होऊन शेवटी ऑक्झॅलिक आम्ल बनतं आणि त्याचे कॅल्शियमबरोबरचे स्फटिक मूत्रपिंडात अडकतात. सुरुवातीला जनावर नशा केल्यासारखं झोकांड्या खातं, मग जरा बरं वाटल्यासारखं दिसतं, आणि त्यानंतर मूत्रपिंडं बंद पडतात. मोठ्या माणसालाही शंभर मिलिलिटर जिवावर बेतू शकतं, लहान मुलाला घोटभर पुरतं. म्हणून कूलंट सरबताच्या किंवा पिण्याच्या पाण्याच्या बाटलीत कधीही साठवू नये. खाली पसरट टब ठेवून जुनं कूलंट त्यात काढावं, ऑइलमध्ये न मिसळता वेगळ्या कॅनमध्ये भरावं, कॅनवर ‘विष’ असं मोठ्या अक्षरांत लिहावं आणि वापरलेलं कूलंट वेगळं गोळा करणाऱ्या सर्व्हिस सेंटरला द्यावं. जमिनीवर सांडलेलं माती किंवा भुसा टाकून लगेच टिपून घ्यावं आणि तो भुसा गोठ्याकडे जाऊ देऊ नये. मूल किंवा जनावर ते प्यायल्याचा नुसता संशय आला, तरी लक्षणांची वाट न पाहता डबा बरोबर घेऊन डॉक्टरकडे किंवा पशुवैद्याकडे जावं. विषावर उतारा आहे, पण तो पहिल्या काही तासांतच नीट लागू पडतो.